पश्चिम उतारावरची खर्चुडी

कर्वेनगर, पुणे
३ जून २०००

श्री. बजरंगराव भिंताडे, मु. कातरवाडी, यांस नमस्कार.

बुधवारी मी कॉलेजातून निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्याविषयी तिघेजण फार चांगले बोलले. त्यांतल्या दोघांना माझे आडनाव आगाशे आहे हे ऐनवेळी चिठ्ठीत बघावे लागले. गुरुवारी सकाळी प्राचार्यांनी मला परत बोलावून घेतले. कारण असे, की आमचे हर्बेरियम आता कॉम्प्युटरमध्ये जायचे आहे. तुम्ही एकदा येऊन पाहिले होते: लोखंडी कपाटे, त्यांत कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती, नऊ हजारांच्या वर. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लेबल. वनस्पतीचे नाव, कुठे सापडली, कधी, कोणाला. ती लेबले वाचता येणारे माणूस कॉलेजात आता एकच उरले आहे.

टाइप करायला नम्रता नावाची मुलगी दिली आहे. हुशार आहे. झाडांचे तिला काही कळत नाही आणि ती तसे सांगते, हे दोन्ही गुण दुर्मीळ. ती म्हणते, "मॅडम, ठिकाणाचा रकाना मोकळा सोडला तर मशीन पुढे जात नाही. 'माहीत नाही' चालत नाही."

आता मुद्दा. शीट क्रमांक २२१४. रुईच्या कुळातला तो वेल, खाली कंद, फूल कंदिलासारखे. तुम्ही लोक खर्चुडी म्हणता त्यांतलीच एक जात, पण पुणे जिल्ह्यात तिची नोंद एवढीच. १४ ऑगस्ट १९७६, कातरवाडीची टेकडी, पश्चिम उतार. दाबके सरांनी त्यावर लेख लिहिला आणि तो विलायतेत छापून आला. सर गेले, तरी लेख आहे.

परवाच्या वर्तमानपत्रात नोटीस आली आहे. कातरवाडीच्या टेकडीवरचे बांधकामाचे निर्बंध उठवायचे आहेत, एका सॉफ्टवेअर कंपनीला उतार सपाट करून हवा आहे, हरकती मागवल्या आहेत. माझी हरकत आहे. जिल्ह्यात जी वनस्पती एकाच ठिकाणी नोंदली गेली, ते ठिकाण खणता येणार नाही, असे मी लिहिणार आहे. सर नाहीत. त्या दिवशी टेकडीवर प्रत्यक्ष चढून वेल आणणारे तुम्ही. तेव्हा तुमचा जबाब लागेल. चार ओळी पुरेत.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी नेहमीप्रमाणे शोधायला येईनच. चंपाबाईंना नमस्कार सांगा.

प्रेमला आगाशे

*

कातरवाडी
१४ जून २०००

बाईंना बजरंगचा नमस्कार.

पत्र पावलं. तुमी रिटायर झाल्या म्हंजी आता दगदग कमी हुईल. चंपीचा गुडघा दुखतुया. पाऊस वेळेवर हाय. भात टाकलंय.

जबाबाचं म्हनाल तर बाई, तेवीस वर्सं शोधूनशान जे घावलं न्हाय त्येच्यासाटी कागद कशाला करायचा? साहेब लोक म्हनतील, दाखवा झाड. मंग काय दाखवायचं? माझं ऐकाल तर ह्यात पडू नका. उतार आमच्या तिघा भावांचा हाय. दोघं भाऊ सही द्याया तयार हायती. आमचा विश्वजीत तर कंपनीच्या मागं पानी घिऊन फिरतुया, खरंच पानी, त्येचा टँकर हाय. घरात रोज तंटा. मी काय बोलत न्हाय.

ऑगस्टात या. पिठलं-भाकरी हायेच. पन शोधाया नगं, नुसतं या.

तुमचा
बजरंग

*

कर्वेनगर
२० जून २०००

बजरंगराव,

तुमचे पत्र तीनदा वाचले. त्यात भात, पाऊस आणि गुडघा यांबद्दल माहिती आहे. मी विचारलेल्याबद्दल नाही.

तुम्ही मुलाला भिऊन गप्प बसला आहात, हे उघड आहे. माझ्या ओळखीत मुलाला भिणारे पुष्कळ आहेत, पण त्यांची मुले अमेरिकेत असतात. तुमचा तर समोर बसून जेवतो. त्याला सांगा.

झाड दाखवता येत नाही म्हणून नोंद खोटी ठरत नाही. कंद जमिनीत दहा-दहा वर्षे निजून राहतात. १९७७ सालापासून दर ऑगस्टात मी आले. तुम्ही काठीने गवत बाजूला करायचे, मी बघायची. आपण दोघांनी मिळून तो उतार वीत न् वीत पाहिला आहे. तुम्ही कधी कंटाळला नाहीत. एकदा तर ताप अंगावर काढून आलात. ज्या माणसाने एवढे शोधले, त्याच्या जबाबाला वजन आहे.

हरकत मी काल नोंदवून आले. सुनावणी सोमवारी, १० जुलैला, सकाळी अकरा वाजता. सोबत मसुदा पाठवते: 'मी, बजरंग भिंताडे, प्रतिज्ञेवर सांगतो की सदर वनस्पती मी स्वतः दि. १४ ऑगस्ट १९७६ रोजी कातरवाडीच्या टेकडीच्या पश्चिम उतारावरून उपटून आणली.' फुली केली आहे तिथे सही करा. पाकिटावर तिकीट लावले आहे, ते काढून दुसरीकडे वापरू नये.

प्रेमला आगाशे

*

कातरवाडी
२५ जून २०००

रिस्पेक्टेड मॅडम,

मी विश्वजीत, बजरंग भिंताडे यांचा मुलगा. तुमचं लेटर मी ओपन केलेलं नाही, ते टेबलावर ओपनच होतं. आण्णा दोन दिवस ते समोर ठेवून बसलेत. जेवण नीट नाही. प्लीज त्यांना टेन्शन देऊ नका.

तुमचा गैरसमज आहे की आम्ही टेकडीच्या विरुद्ध आहोत. कंपनी ग्रीन कॅम्पस करणार आहे. पाचशे झाडं लावणार, त्यातली दोनशे गुलमोहर. मी साइट मॅनेजरशी बोललो. तुमचं झाड मिळालं तर कुंडीत लावून रिसेप्शनला ठेवायला ते तयार आहेत, खाली तुमच्या नावाची पाटी लावून.

मॅडम, लहानपणापासून मी तुम्हाला बघतोय. तुम्ही वर्षातून एकदा यायच्या, टेकडी बघायच्या, सहाच्या गाडीने परत. आम्ही बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिथे राहतो. कॉलेज तुमचं, शहर तुमचं, टेकडी पण तुमचीच. मग आमचं काय ते एकदा सांगा.

राग मानू नये.

विश्वजीत

*

कातरवाडी
२८ जून २०००

बाई,

पोराचं पत्र गेल्याचं मला आज कळलं. त्येला बोललो. पन त्यो खरं बोलला, जेवन जात न्हाय.

तुमचा कागद म्या चार येळा हातात घ्येतला. सही येती मला, सातवीपर्यंत शिकलोय. पन त्या कागदावर सही हुनार न्हाय. आता काय ते लिव्हतो. तुमी उभ्यानं वाचत असाल तर बसून घ्या.

त्यो येल टेकडीवरचा न्हाय.

त्या साली माझं वय बावीस. चंपीचं माहेर मोरदरा, पौडाच्या पल्याड, पार घाटाच्या कडंला. बोलनी चालली व्हती, पन पक्कं न्हवतं. मला ती एकदा बघायची व्हती. घरी सांगितलं बैल बघाया जातो. आदल्या दिसी पौडावरनं चालत मोरदऱ्याला गेलो. तिच्या आयनं, मैनाबाईनं, वळखलं मी कशाला आलोय ते. बैलाचं काय इचारलं न्हाय. निगताना खर्चुडीची जुडी दिली, येलासकट, तुज्या आयला दे म्हनली, उकडून खातात. तिकडं लई उगवती.

सकाळच्या गाडीनं परत आलो तर गावात तुमी आन् दाबके सर. सरांचे पाय नव्या बुटानं सोलले व्हते, ते शाळंच्या पडवीत बसले. मला म्हनले, "वर जाऊन ये, रुईच्या जातीचं काय घावंल ते आन." मी व्हय म्हनलो आन् घरी जाऊन झोपलो. लई चाललो व्हतो बाई. तिसऱ्या पारी जाग आली तवा आय कंद धूत व्हती. एकच येल धुवायचा राहिला व्हता, फुलासकट. त्योच उचलला आन् शाळंत आनून दिला.

सरांनी इचारलं, "कुठून?" मी म्हनलो, "वरनं." मोरदरा बी वरच हाय. सर एकदम उभे राहिले, सोललेल्या पायांनी. म्हनले, "पश्चिम उतार ना?" आता त्यांनीच सांगितल्यावर मी काय म्हनू? मंग त्यांनी खिशातलं घड्याळावानी यंत्र काढून उंची बी सांगितली. तुमी लिव्हून घेतलं.

मला वाटलं एका पाल्याचं काय यवढं. फुडल्या साली तुमी एकट्याच आल्या, डबा आन् काठी घिऊन. चंपी तवा नवी नवरी. तुमी तिला येलाचं चित्र दाखवलं. ती म्हननार, ही तर आमच्याकडली, तवर म्या डोळं वटारलं. तुमी गेल्यावर ती मला बोलली, म्हनली, "बाईमानूस उनापावसात हिंडतंय, सांगून टाका." दर साली ती हेच बोलायची. दर साली मी ठरवायचो, फाट्यावर गाडीची वाट बघताना सांगीन. मंग गाडी यायची.

सुरवातीला सरांची भीती. सर गेल्यावर म्हनलं आता सांगू, तर तुमीच म्हनल्या, सरांच्या मागं आता हा लेख तेवढा राहिला. मंग कसं सांगायचं?

अठ्ठ्याऐंशी साली एक केलं. जूनात मोरदऱ्याहून पाच कंद आनले आन् उतारावर लावले, की तुमाला घावतील आन् सुटका हुईल. जुलैत साळींदरानं उकरून खाल्ले. पाचीच्या पाची.

त्या कागदावर सही केली तर टेकडी वाचती, हे मला कळतं. मला बी ती हवी हाय. वर भैरोबा हाय, माझी गुरं तिथं चरत्यात. पन तुमी ऑफिसात उभं राहून छाती ठोकून सांगनार आन् ते खोटं असनार. तुमच्या तोंडून खोटं जायला नगं. म्हनून लिव्हलं.

चंपी म्हनती, चोवीस वर्सं उशीर झाला, पन लिव्हलंत ते बरं केलंत.

बजरंग

*

कातरवाडी
१२ जुलै २०००

(पोस्टकार्ड)

बाई, सोमवार झाला. तुमचं काय पत्र न्हाय. विश्वजीत म्हनतो तुमची हरकत निघून गेली, कंपनीत पेढे वाटले. त्येला पेढा दिला, त्यो घरी आनला, मी खाल्ला न्हाय. तुमी बऱ्या हायसा का? रागावला असाल तर तसं लिव्हा. दोन ओळी लिव्हा. चंपी म्हनती मी पुन्याला जाऊन बघून येते. तिचा गुडघा अजून तसाच हाय.

बजरंग

*

कर्वेनगर
१९ जुलै २०००

बजरंगराव,

मी बरी आहे. चंपाबाईंनी गुडघा घेऊन येऊ नये, आमच्याकडे तीन जिने आहेत.

उशीर झाला, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते. आता जसे घडले तसे लिहिते.

तुमचे पत्र १ जुलैला आले. वाचले. घडी घालून डब्यात ठेवले. मग कॉलेजात गेले आणि शीट २२१४ काढून बघत बसले. नम्रता म्हणाली, "मॅडम, काही चुकलंय का?" मी म्हटले, "टाइप कर." 

सोमवारी सुनावणीला गेले. बाकावर माझ्याखेरीज सातजण होते, त्यांतल्या सहांना टेकडी जावी असे वाटत होते. सातवा चुकून आला होता. त्याची सुनावणी ड्रेनेजची होती. माझे नाव पुकारल्यावर मी उठले आणि सांगितले की ज्या नोंदीवर माझी हरकत उभी आहे, त्या नोंदीतले ठिकाण चुकीचे आहे. सबब तो मुद्दा मी मागे घेते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, हे सांगायला तुम्ही कर्वेनगरहून आलात?" मी म्हटले, "रिक्षाने." मग मी तेवीस वर्षांत त्या टेकडीवर पाहिलेल्या वनस्पतींची यादी पुढे केली. दोनशे बारा नावे. त्यांनी विचारले, "यात दुर्मीळ काय आहे?" मी सांगितले, "काहीही नाही." "मग हरकत कशाला?" मी म्हटले, "या सगळ्या तिथे आहेत." त्यांनी यादी फाइलला लावून घेतली. हरकत फेटाळली. ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला चहा पाजला.

तेव्हा टेकडी माझ्या हातून गेली आहे. विश्वजीतला कळवा, की त्याच्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कुंडीचे मात्र नको म्हणून सांगा.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते.

तुम्ही लिहिता, माझ्या तोंडून खोटे जायला नको. बजरंगराव, ते जाणारच होते, आणि मला ते ठाऊक होते. १९८४ च्या जानेवारीत जुने कागद कुजले म्हणून मी काही शीटे नव्याने चिकटवली. २२१४ चा कंद सोडवताना खालच्या कागदावर माती पडली. तांबडी माती. कातरवाडीची टेकडी काळ्या दगडाची, तिच्यावर चिमूटभर तांबडी माती शोधून मिळणार नाही. असली माती पार घाटमाथ्याला. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळले असते. मला कळले. मी ती माती कागदी पुडीत घातली, पुडी शीटाच्या मागे चिकटवली आणि कोणाला काही बोलले नाही. सर हयात होते. लेबलावर अक्षर माझे होते.

तुम्ही मुद्दाम फसवलेत असे मला वाटले नाही. पोरगा कुठूनतरी घेऊन आला असेल, एवढेच वाटले. विचारायला हवे होते. दर वर्षी मी ठरवायची, की फाट्यावर गाडीची वाट बघताना विचारीन.

मग मी येत का राहिले, हे तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. माझी आई चौदा वर्षे अंथरुणावर होती. भाऊ न्यू जर्सीला. कॉलेजचे काम असल्याखेरीज मी घराबाहेर पडण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी 'दुर्मीळ वनस्पतीचा शोध' असे काम असायचे. शेजारच्या काकू आईजवळ बसत. सकाळी सहाची गाडी, तुमची काठी, चंपाबाईंचे पिठले, संध्याकाळी सहाची गाडी. वनस्पती सापडली असती तर काम संपले असते. १९९३ साली आई गेली. त्यानंतर कोणाला कारण सांगायची गरज नव्हती. तरी मी डायरीत कारण लिहितच राहिले.

१९८८ सालच्या वहीत एक नोंद आहे: 'पश्चिम उतार, ताजे उकरलेले खड्डे पाच, कारण अज्ञात.' आता कारण भरते.

हे सगळे ठाऊक असून जूनमध्ये मी तुमच्याकडे प्रतिज्ञालेखाचा मसुदा पाठवला. टेकडी वाचवायची म्हणून एकदा खोटे चालेल, असे मी मनाशी ठरवले होते. आणि तेही सही तुमची घेऊन. तुम्ही सही केली नाहीत. तुमचे पत्र हातात आल्यावर मला माहीत नसल्याचे सोंग करता येईना. दोन दिवस तुमचा भयंकर राग आला. मग तो संपला.

१२ ऑगस्टला दुसरा शनिवार आहे. मला मोरदऱ्याला न्याल का?

प्रेमला

*

कातरवाडी
२७ जुलै २०००

बाई,

पत्र चंपीला वाचून दाखवलं. ती म्हनली, "म्हंजी तिघांना बी ठावं व्हतं, आन् तरी तुमी दोघं उनातानात शोधत व्हता?" आन् हसाया लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी बाहीर जाऊन गुरं बांधली. ती बांधलेलीच व्हती.

मला वाटायचं, मी तुमचं वरीस वरीस वाया घालवलं. ह्या वझ्यानं मी तुमाला फाट्यावर सोडून घरी यायचो तवा जेवायचो न्हाय. आता काय म्हनू? तुमी बी वस्ताद निगाल्या.

विश्वजीतला तुमचा निरोप दिला. त्यो टँकर धूत व्हता. मंग म्हनला, "मॅडमनी रिक्षा कशाला केली, मला सांगितलं असतं तर मी सोडलं असतं." त्येला म्हनलं, तुजी पार्टी कंपनीची. तर म्हनला, "त्याचा काय संबंध?"

भावांनी सह्या केल्या. म्या खालच्या दोन तुकड्यांवर केली. पोराला आडवं जाऊन घर मोडायचं न्हवतं. पन वरचा भैरोबाचा तुकडा दिला न्हाय. कंपनीचा मानूस म्हनला, तो दगडच हाय, ऱ्हाऊ द्या तुमाला. कामाला सुरवात झाली. दिसभर मशीन धडधडतंय. माती काळीच निघती, तुमी म्हनता ते खरं हाय.

१२ तारखेला विश्वजीत गाडी घिऊन तुमच्या दारात सातला यील. तीन जिने उतरून ऱ्हावा. मैनाबाई अजून हाय, ऐंशीच्या फुडं गेली. तिला निरोप धाडलाय.

बजरंग

*

कर्वेनगर
२१ ऑगस्ट २०००

बजरंगराव, चंपाबाई, दोघांस नमस्कार.

१२ तारखेला घरी सुखरूप पोचले. विश्वजीत गाडी चांगली चालवतो. वाटेत त्याने मला मोबाइल फोनविषयी सर्व माहिती दिली. मी विचारली नव्हती.

मोरदऱ्याच्या त्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, मी मान खाली घालून एकटीच पुढे चालत सुटले, म्हणून तुम्ही घाबरला होतात. चंपाबाई दोनदा पाणी घेऊन आल्या. तसे काही नव्हते. मी मोजत होते. चाळीस पावलांत एकशे सदतीस वेल, सगळे फुलावर. गुरे तुडवत होती. पुढे मोजणे सोडून दिले. सरांना दाखवायला हवे होते, एवढेच मनात येत राहिले. त्यांनी लेख मागे घेतला असता का, सांगता येत नाही. पण बूट काढून ते तिथे बसले असते.

मैनाबाईंनी वाढलेले उकडलेले कंद मी खाल्ले, ही गोष्ट कॉलेजात सांगितलेली नाही. चव बटाट्यासारखी, शेवटी किंचित कडू. मी दुसऱ्यांदा घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं आवडतं तर चोवीस वर्सं कुठं होतीस?" त्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि मी तुमच्याकडे. चंपाबाईंनी मीठ वाढून वेळ मारून नेली.

आता कामाचे. शीट २२१४ वर दुरुस्तीची चिठ्ठी लावली. जुने लेबल काढत नाहीत, तशी पद्धत आहे. चूक दिसायला हवी. नवी चिठ्ठी खाली. ठिकाण: मोरदरा, घाटमाथा, तांबडी माती. संग्राहक या रकान्यात मी 'मैनाबाई' लिहिले, कारण उपटला त्यांनी. आणला बजरंग भिंताडे यांनी. चुकीचे लेबल लिहिले प्रेमला आगाशे यांनी. नम्रता म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये एकच नाव बसतं." मी म्हटले, मैनाबाई. ती म्हणाली, "क्वालिफिकेशन?" मी म्हटले, "शेती." ते तिने टाइप केले आणि मशीन मुकाट्याने पुढे गेले. प्राचार्यांनाही सांगितले. ते म्हणाले, या वयात कशाला उकरून काढता. मी म्हटले, साळींदराने काढले. त्यांना कळले नाही.

लेख छापणाऱ्यांनाही दुरुस्ती कळवली आहे. उत्तर येईल तेव्हा येईल.

परत येताना फाट्यावर गाडी थांबवून आपण टेकडीकडे पाहिले. पश्चिम उतार निम्मा गेला आहे. वरचा दगड तेवढा आहे. मी दोनशे बारा नावे मनातल्या मनात म्हणायला घेतली होती, साठाच्या आसपास विश्वजीतने हॉर्न वाजवला.

तेव्हा काम संपले. पुढच्या ऑगस्टात तिकडे यायला कारण उरलेले नाही. मला सवय करून घ्यावी लागेल. तुम्हालाही थोडी लागेल, असे मी समजते.

प्रेमला

*

कातरवाडी
३० ऑगस्ट २०००

(पोस्टकार्ड)

बाई, चिठ्ठीवर माझ्या सासूचं नाव लागलं हे सगळ्या मोरदऱ्याला कळलं. ती आता भाव खाती. चंपीचा गुडघा बरा हाय. एक इचारायचं व्हतं. तुमच्या त्या कपाटात नऊ हजार कागद हायती. त्यातलं अजून एकांदं हरवलेलं हाय का? बगा जरा. नसलं तर एकांदं हरवा.

बजरंग

*

कर्वेनगर
४ सप्टेंबर २०००

(पोस्टकार्ड)

बजरंगराव, शीट क्रमांक ३४७१. सन १९६९. हीसुद्धा रुईच्या कुळातली. लेबलावर पाणी पडून ठिकाण पुसले गेले आहे. 'डोंगर' एवढेच वाचता येते. जिल्ह्यात डोंगर बरेच आहेत. शनिवार, १६ सप्टेंबर, सकाळची सहाची गाडी. काठी आणावी.

लेबल मी भिजवलेले नाही.

प्रेमला